रुग्णाची ओळख जुळवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : ढाणकी परिसराच्या अनुषंगाने

उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेला आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि येथील लोकांना जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा नांदेडच जवळ पडते. त्यामुळे या परिसरातील एकाच रुग्णाची नोंद गावातील आरोग्य केंद्रात, एखाद्या खासगी दवाखान्यात, उमरखेडच्या किंवा पुसदच्या शासकीय रुग्णालयात, यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी अनेक ठिकाणी होऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला निराळा केसपेपर क्रमांक मिळतो. हे सारे क्रमांक एकाच व्यक्तीचे आहेत की नाहीत हे ठरवण्याचे काम ज्या सॉफ्टवेअरकडे सोपवले जाते, त्याला मास्टर पेशंट इंडेक्स, म्हणजे रुग्णांची मध्यवर्ती ओळखसूची, असे म्हणतात. या सूचीत आजार, तपासण्या किंवा औषधे यांचा तपशील नसतो. नाव, लिंग, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल आणि ठिकठिकाणचे केसपेपर क्रमांक एवढीच माहिती ती बाळगते आणि कोणता क्रमांक कोणत्या व्यक्तीचा हे सांगते. असे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत स्वरूपात, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, तपासता आणि परवान्यातील अटींवर बदलता येते अशा रूपात, उपलब्ध आहे. ढाणकीसारख्या गावातील दवाखाना, स्वयंसेवी संस्था किंवा त्यांच्यासाठी काम करणारा तंत्रज्ञ यांनी ते निवडताना आणि वापरताना कोणता विचार करावा, याचे विवेचन येथे केले आहे.

या कामाची निकड समजण्यासाठी सिकलसेलचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवावा. विदर्भात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात दात्याच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि पुढची पिशवी निवडताना रक्तपेढीला ही गोष्ट ठाऊक असावी लागते. ती यवतमाळच्या नोंदीत पडून असेल आणि रात्री वेदनांनी तळमळणारा रुग्ण नांदेडला नव्या केसपेपरवर दाखल झाला असेल, तर ती माहिती असून नसल्यासारखीच. गरोदर स्त्रीची स्थिती याहून नित्याची आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात सासर आणि ढाणकीत माहेर असलेल्या स्त्रीची पहिली नोंद सासरी पतीच्या नावाने होते, बाळंतपणाला ती माहेरी येते आणि तेथे अनेकदा वडिलांच्या नावाने दुसरी नोंद होते. परिणामी एका जिल्ह्याच्या आकडेवारीत ती तपासण्या अर्धवट सोडलेली माता ठरते आणि दुसऱ्या जिल्ह्यात आधीची एकही तपासणी न झालेली. ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याकडे मजुरीला गेलेल्या क्षयरुग्णाचेही तसेच होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या राष्ट्रीय नोंदप्रणालीत त्याची आधीची नोंद असते, पण नव्या गावात ती सापडली नाही तर उपचार पहिल्या पानापासून सुरू होण्याचा धोका राहतो.

ओळख जुळवताना दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्या दोन्ही सारख्या तोलाच्या नाहीत, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. पहिली चूक म्हणजे सुटलेली जोड : एकाच रुग्णाच्या दोन नोंदी वेगळ्या राहतात, जुनी माहिती मिळत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते. दुसरी चूक म्हणजे खोटी जोड : दोन भिन्न रुग्णांच्या नोंदी एक होतात, एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावे दिसतो, एकीच्या नोंदीतील पेनिसिलिनची ॲलर्जी दुसरीच्या पानावर जाते आणि जिची ती असते तिच्या पानावरून नाहीशी होते. पहिल्या चुकीत आपल्याकडे माहिती नाही हे डॉक्टराला किमान ठाऊक असते आणि तो विचारपूस करतो. दुसऱ्या चुकीत चुकीची माहिती खात्रीशीर म्हणून त्याच्यापुढे येते. म्हणून सॉफ्टवेअर किती जोड्या शोधून देते यावर त्याचे मूल्यमापन करणे धोक्याचे आहे. शंका असेल तेथे ते थांबते का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आभा क्रमांक आल्यानंतर हा प्रश्न संपला, असा एक समज पसरलेला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी घोषणा २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली आणि त्याअंतर्गत प्रत्येक इच्छुक नागरिकाला चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य-ओळखीचा क्रमांक, मिळतो. हा क्रमांक निःसंशय उपयोगाचा आहे, आणि ज्या रुग्णाकडे तो आहे त्याची नोंद करताना तो घेतलाच पाहिजे. परंतु तो ऐच्छिक आहे, रुग्णालयांतील जुन्या लक्षावधी नोंदींवर तो नाही, नवजात बाळाकडे तो नसतो आणि फवारणीच्या विषबाधेने बेशुद्ध होऊन आलेल्या शेतमजुराला तो सांगता येत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, आणि अशा बेशुद्ध रुग्णाचे नाव सोबत आलेल्या गावकऱ्यालाच सांगावे लागते. शिवाय आभाची रचनाच जुळणीचे काम रुग्णालयावर सोपवते. रुग्ण आपल्या मोबाइलवरील ॲपमधून एखाद्या रुग्णालयातील स्वतःच्या जुन्या नोंदी शोधतो, तेव्हा त्याचे नाव, लिंग, जन्मवर्ष, पडताळलेला मोबाइल आणि त्याने सांगितलेला केसपेपर क्रमांक त्या रुग्णालयाच्या संगणकाकडे जातो, आणि आपल्याकडील कोणती नोंद याची हे त्या संगणकाने ठरवायचे असते. म्हणजे आभाचा लाभ घेण्यासाठीच रुग्णालयाकडे चांगली जुळणी असावी लागते.

जुळणीची रीत

जुळणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. नियमबद्ध पद्धतीत ‘आभा क्रमांक, लिंग आणि जन्मवर्ष तंतोतंत जुळले तर रुग्ण एकच’ असे ठाम नियम असतात. ती समजायला सोपी आहे, पण नियमात नाव असेल तर एका वेलांटीच्या फरकाने ती अपयशी ठरते. संभाव्यतेवर आधारलेल्या पद्धतीत प्रत्येक रकान्याला वजन दिले जाते आणि वजनांची बेरीज पाहून निर्णय होतो. या पद्धतीचा गणिती पाया कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील आयव्हन फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडला, आणि आजची बहुतेक मुक्तस्रोत साधने त्यावरच उभी आहेत. वजन काढण्यासाठी दोन आकडे लागतात : एकाच व्यक्तीच्या दोन नोंदींत तो रकाना जुळण्याची शक्यता, आणि दोन भिन्न व्यक्तींच्या नोंदींत तो केवळ योगायोगाने जुळण्याची शक्यता. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्या भागाकाराचा दोन पायाचा लॉगॅरिदम घेतला की वजन मिळते. वजन एका एककाने वाढले म्हणजे ‘व्यक्ती एकच’ या बाजूचे पारडे दुप्पट जड झाले, असा त्याचा अर्थ.

हे गणित ढाणकीच्या परिसरात कसे वागते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, सूचीत २०,००० नोंदी आहेत आणि जवळच्या तांड्यावरची सुनीता गणेश राठोड ही स्त्री नव्याने नोंदवली जात आहे. संगणकापुढे दोन जुन्या नोंदी येतात. पहिली तिचीच आहे, पण मधल्या काळात सिम बदलल्याने मोबाइल जुळत नाही. दुसरी तिच्या जावेची, अनिता रमेश राठोड हिची आहे. घरात फोन एकच असल्यामुळे आज सांगितलेला मोबाइल त्या नोंदीवर आहे. तांड्यावर दर दोघांत एकाचे आडनाव राठोड असेल, तर आडनाव जुळण्याचे वजन जेमतेम ०.९ येते, लिंगाचे १.०, गावाचे १.६. स्वतःचे नाव जुळण्याचे वजन ६.५ धरले आणि मोबाइलचे १०.२, तर मोबाइल न जुळल्याबद्दल १.३ वजा होतात आणि नाव न जुळल्याबद्दल ३.३. बेरीज केली असता सुनीताच्या स्वतःच्या जुन्या नोंदीला ८.७ गुण मिळतात आणि जावेच्या नोंदीला १०.४. म्हणजे बेफिकिरीने बसवलेले सॉफ्टवेअर सुनीताला तिच्या जावेशी जोडू पाहील.

आता याच तुलनेत पतीचे नाव हा स्वतंत्र रकाना घेतला आणि त्याला, जुळल्यास ६.४ व न जुळल्यास वजा २.७, असे वजन दिले, तर चित्र पालटते : सुनीताच्या नोंदीचे गुण १५.१ होतात आणि जावेच्या नोंदीचे ७.७ वर येतात. मराठी नावातील मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे नाव, येथे निर्णायक ठरते. पाश्चात्त्य देशांत घडलेल्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये मधले नाव ऐच्छिक असते किंवा त्याचे केवळ आद्याक्षर घेतले जाते. महाराष्ट्रात वापरताना हा रकाना पूर्ण आणि सक्तीचा केला पाहिजे. मोबाइलकडेही वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. जुळणीचे सूत्र सर्व रकाने परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते, परंतु एका घरात आडनाव, गाव आणि मोबाइल हे तिन्ही एकत्रच जुळतात. म्हणून मोबाइलला कुटुंबाची खूण मानून त्याचे वजन मुद्दाम कमी करावे आणि स्वतःचे नाव जुळत नसेल तर केवळ मोबाइलच्या बळावर कोणतीही जोड आपोआप होऊ नये, असा नियम घालावा.

आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. २०,००० नोंदींत एखादी नोंद नेमकी याच रुग्णाची असण्याची मूळ शक्यता वीस हजारांत एक इतकी अल्प असते, आणि ती वाढवून दोनांत एकवर आणण्यासाठीच सुमारे १४.३ वजन खर्ची पडते. सुनीताच्या नोंदीचे १५.१ गुण त्यापेक्षा किंचितच अधिक आहेत; म्हणजे ही जोड ‘बहुधा बरोबर’ एवढीच आहे आणि ती माणसाने डोळ्यांखालून घातली पाहिजे. या पद्धतीत त्यासाठीच दोन सीमा ठरवतात : वरच्या सीमेपलीकडच्या जोड्या आपोआप स्वीकारल्या जातात, खालच्या सीमेखालच्या सोडून दिल्या जातात आणि मधल्या जोड्या पुनरवलोकनासाठी थांबतात. वरची सीमा सुरुवातीला फार उंच ठेवावी. सीमा आणि वजने सॉफ्टवेअरसोबत आलेल्या आयत्या आकड्यांवर सोडू नयेत. स्वतःच्या नोंदींपैकी दोनतीनशे जोड्या जाणत्या कर्मचाऱ्याने हाताने तपासाव्यात आणि त्यांवरून हे आकडे ठरवावेत. तांड्यावर राठोड या आडनावाचे वजन कमी आणि तेथे क्वचित आढळणाऱ्या आडनावाचे वजन पुष्कळ जास्त असले पाहिजे. सामान्य आणि दुर्मीळ मूल्यांना वेगवेगळे वजन देण्याची ही सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे निवडीपूर्वीच पाहावे.

जन्मतारखेबाबत महाराष्ट्रात एक विशेष अडचण आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिलेल्या व्यक्ती जुन्या पिढीत गावोगाव आढळतात, आणि ज्यांना केवळ वय ठाऊक आहे त्यांच्यासाठी अनेक संगणक १ जानेवारी ही तारीख स्वतःच भरतात. या दोन तारखा जुळल्या तर त्यांना जवळजवळ काहीच वजन देऊ नये आणि तारीख अंदाजी आहे की कागदावरून घेतलेली, हे सांगणारी खूण नोंदीत असावी.

नावांचे लेखन

इंग्रजी नावांचा उच्चार सारखा असता स्पेलिंग वेगळे असले तरी ती एकत्र आणण्यासाठी साउंडेक्स ही पद्धत अमेरिकेत निघाली आणि १९१८ मध्ये तिला पेटंट मिळाले. ती अजूनही अनेक सॉफ्टवेअरमध्ये आयती बसवलेली असते. पहिले अक्षर तसेच ठेवून पुढील व्यंजनांना अंक देणे एवढीच तिची कृती आहे. मराठी नावे रोमन लिपीत लिहून तिच्यातून काढली तर काय होते ते पाहावे. ‘लक्ष्मी’ची एक्स घालून आणि के-एस-एच घालून केलेली दोन्ही स्पेलिंगे एकाच संकेतावर येतात, हे ठीकच. पण ‘चव्हाण’ हे नाव व्ही वापरून लिहिले तर संकेत सी १५० येतो, आणि तेच यू घालून ‘चौहान’च्या धर्तीवर लिहिले तर सी ५०० येतो. वाघमारे हे आडनाव डब्ल्यूने सुरू केले की एका गटात जाते आणि व्हीने सुरू केले की दुसऱ्या. ज्ञानेश्वर डीने लिहिला की एकीकडे, जीने लिहिला की भलतीकडे. ज्या संगणकात प्रथम संकेताने गट पाडून मगच तुलना होते, तेथे अशा दोन नोंदी एकमेकींसमोर कधी येतच नाहीत आणि पुढचे सारे गणित निरर्थक ठरते.

गट पाडल्याशिवाय मात्र चालत नाही, कारण २०,००० नोंदींतील प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटली तर जवळजवळ वीस कोटी तुलना होतात. यावर उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक प्रकारांनी गट पाडणे : एकदा गाव आणि जन्मवर्षावरून, एकदा नावाच्या देवनागरी रूपावरून, एकदा मोबाइलवरून; कोणत्याही एका गटात दोन नोंदी एकत्र आल्या की त्यांची तुलना व्हावी. नाव मुळात देवनागरीत घ्यावे आणि रोमन रूप त्यासोबत ठेवावे. देवनागरीतही तुलनेपूर्वी नावाचे एक साधे रूप तयार करावे लागते : ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काढावा म्हणजे सुनिता आणि सुनीता एक होतात, चन्द्रकान्त आणि चंद्रकांत यांतील अनुनासिकाचा भेद मिटवावा, ण-न, श-ष-स आणि ळ-ल यांना तुलनेपुरते समान मानावे, बाई, राव, जी हे शेवटचे प्रत्यय वेगळे काढावेत. हे साधे रूप फक्त संगणकाच्या तुलनेसाठी असते. रुग्णाने सांगितलेले मूळ नाव जसेच्या तसे जपले पाहिजे आणि केसपेपरवर तेच छापले पाहिजे. युनिकोडमध्ये डोळ्यांना सारखे दिसणारे अक्षर दोन वेगळ्या रीतींनी साठवले जाऊ शकते आणि जोडाक्षरांमध्ये अदृश्य चिन्हे राहू शकतात. म्हणून साठवण्यापूर्वी युनिकोडचे प्रमाणीकरण करून घेणे हे तंत्रज्ञाचे पहिले काम असावे.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न केवळ लेखनाचा नाही. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत स्वतःचे नावही बदलते, आणि संगणकाच्या दृष्टीने जुनी व्यक्ती नाहीशी होऊन नवीनच उभी राहते. त्यामुळे प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन पूर्ण नावे ठेवण्याची सोय असलीच पाहिजे आणि तुलना दोन्हींशी झाली पाहिजे. आईचे नाव हा या सर्वांत स्थिर राहणारा रकाना आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम बंधनकारक केला. जुळणीच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे. मात्र तीन रकान्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आईचे नाव मधल्या नावाच्या जागी आणि वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसू नये, यासाठी चौथा रकाना वेळीच उघडावा.

सर्वांत अवघड नोंद नवजात बाळाची. बारशापूर्वी त्याची नोंद आईच्या नावापुढे ‘बाळ’ अशी होते. जुळी असतील तर आडनाव, आईवडील, तारीख, गाव आणि मोबाइल सारेच एक असते. बाळाचा जन्मक्रम आणि आईच्या नोंदीशी असलेली सांधणी या दोन गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये नसतील, तर जुळ्या भावंडांच्या लसीकरणाच्या नोंदी एकमेकांत मिसळल्याखेरीज राहत नाहीत.

सॉफ्टवेअरची निवड

एकाच दवाखान्याची गरज असेल तर स्वतंत्र ओळखसूची बसवण्याची आवश्यकता नाही. बाह्मनी ही मुक्तस्रोत रुग्णालय-प्रणाली थॉटवर्क्स या कंपनीने छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात, गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या ग्रामीण रुग्णालयासोबत काम करत घडवली. तिच्या गाभ्याशी २००४ पासून विकसित होत असलेली ओपनएमआरएस ही वैद्यकीय नोंदींची प्रणाली आहे. गनियारीचे रुग्णालय ज्या प्रकारच्या लोकांची सेवा करते ते पाहता ही प्रणाली ढाणकीला परकी वाटणार नाही : तिच्यात रुग्णाचे नाव स्थानिक लिपीत लिहिण्याचे स्वतंत्र रकाने आहेत, गावाचे नाव टंकताना ते आयत्या यादीतून निवडता येते, एका व्यक्तीला एकाहून अधिक नावे जोडून त्यांतील एक मुख्य ठरवता येते, आणि ती दवाखान्यातील स्थानिक जाळ्यावर, इंटरनेट गेले तरी, चालू राहते.

अनेक रुग्णालयांच्या नोंदी जोडायच्या असतील तेव्हा स्वतंत्र सूची लागते. इंट्राहेल्थ इंटरनॅशनल या संस्थेने तयार केलेली ओपन क्लायंट रजिस्ट्री, कॅनडातील सान्टेसूटची सान्टेएमपीआय आणि दक्षिण आफ्रिकेतील जेम्बी हेल्थ सिस्टिम्सची जेम्पी ही या वर्गातील नावे आहेत. ही साधने फायर नावाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-विनिमय मानकाची भाषा बोलतात, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनही वैद्यकीय नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी तेच मानक वापरते. या मानकात जुळणीची एक ठरलेली विनंती आहे, जिच्या उत्तरात प्रत्येक संभाव्य जोडीसोबत गुण आणि ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’ किंवा ‘नक्कीच नाही’ अशी श्रेणी परत येते. जे सॉफ्टवेअर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, त्याच्याकडून मधल्या, शंकास्पद जोड्यांची हाताळणी होऊ शकत नाही, आणि म्हणून ते या कामाला अपुरे आहे.

जुन्या नोंदींची एकदाच साफसफाई करायची असेल तर ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालेले स्प्लिंक हे साधन उत्तम. ते साध्या लॅपटॉपवर चालते, वजने नोंदींवरून स्वतः शिकते आणि प्रत्येक जोडीचे गुण कोणत्या रकान्यामुळे वाढले किंवा घटले ते चित्राने दाखवते. वर दिलेले सुनीताचे गणित ज्याला समजले, त्याला ते चित्र सहज वाचता येते. कोणतेही साधन निवडण्यापूर्वी त्याच्या संहितेत शेवटचा बदल केव्हा झाला, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळतात का आणि परवान्याच्या अटी काय आहेत, हे पाहावे. परदेशी देणग्यांवर चालणारे प्रकल्प देणगी थांबताच ओस पडतात. संहिता खुली असली तरी ती सांभाळणारे हात लागतात. ढाणकीतील एकट्या दवाखान्याने हा भार उचलू नये, तो तालुक्यातील चारपाच संस्थांनी मिळून एखाद्या तंत्रज्ञावर सोपवावा, हे अधिक शहाणपणाचे.

नोंदणीची खिडकी

जुळणीचा निम्मा निकाल केसपेपरच्या खिडकीवरच लागतो. सकाळच्या गर्दीत डेटा एंट्री ऑपरेटरने ‘आधी आला होता का?’ असे विचारून ‘नाही’ या उत्तरावर नवीन नोंद उघडली की एक दुबार नोंद जन्माला येते. नवीन नोंद उघडण्याची कळ शोध घेतल्याखेरीज उपलब्धच होणार नाही, अशी रचना सॉफ्टवेअरमध्ये करून घ्यावी. शोधाच्या निकालात रुग्णाचे वय, मधले नाव, गाव आणि मागील भेटीची तारीख दिसली पाहिजे, आणि खातरजमा करताना ‘तुमचे गाव ढाणकीच ना?’ असे सुचवून विचारण्याऐवजी ‘गाव कोणते?’ असे विचारले पाहिजे, कारण घाईत असलेला किंवा संकोचलेला माणूस सुचवलेल्या प्रश्नाला मान डोलावतो. जी माहिती मिळाली नाही, ती जागा रिकामी सोडावी. तेथे शून्ये किंवा दवाखान्याचाच मोबाइल भरला, तर शेकडो अनोळखी लोक त्या एका क्रमांकावर एक होतात.

केसपेपर क्रमांकाला शेवटी, आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला, एक तपासणी-अंक जोडावा. ल्यून यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने २०४१७ या क्रमांकाला २ हा तपासणी-अंक मिळतो आणि पूर्ण क्रमांक २०४१७२ होतो. कोणी घाईत २०४७१२ असा टंकला तर ९ हा अंक अपेक्षित असल्याने संगणक तेथेच अडवतो आणि दुसऱ्याची नोंद उघडत नाही. ओपनएमआरएसमध्ये अशा क्रमांकांची सोय आधीपासून आहे. आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य सेविका यांना या कामात सामावून घेतले तर पुनरवलोकनाचे ओझे पुष्कळ हलके होते, कारण कोण कोणाची जाऊ आणि कोणाचे माहेर कुठले हे त्यांना ठाऊक असते. मात्र त्यांच्यापुढे फक्त नाव, वय आणि गाव एवढेच यावे. क्षयरोग, एचआयव्ही किंवा गर्भपात यांची नोंद कोठून आली आहे हेही त्या पडद्यावर दिसता कामा नये, कारण लहान गावात रुग्णालयाच्या विभागाचे नावसुद्धा आजार उघड करते.

आधार क्रमांक या सूचीत साठवू नये. आभा क्रमांक आणि रुग्णालयांचे स्वतःचे क्रमांक या कामाला पुरतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असून, माहिती कोणत्या कामासाठी घेतली जात आहे ते रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे आणि त्याच कामासाठी ती वापरणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ढाणकीत हे सांगणे मराठीसोबत तांड्यांवरील गोरमाटी बोलीतूनही व्हावे.

राहिला प्रश्न जोड चुकल्यास काय, याचा. दोन नोंदी एक करणे आणि दोन नोंदींमध्ये दुवा ठेवणे या भिन्न कृती आहेत. ओपनएमआरएसमध्ये दोन रुग्ण एकत्र केले की ती कृती मागे घेण्याचा सरळ मार्ग नाही. एकाच्या तपासण्या दुसऱ्याच्या तपासण्यांत मिसळून जातात आणि नंतर कोणती कोणाची हे उलगडणे दुष्कर होते. ओळखसूचीत मात्र मूळ नोंदी आपापल्या जागी अखंड राहतात आणि त्यांना जोडणारा दुवाच तेवढा घातला किंवा तोडला जातो. म्हणून दवाखान्याच्या प्रणालीत एकत्रीकरणाचा अधिकार एकादोघांपुरताच ठेवावा आणि शंकेच्या जागी नेहमी दुव्यानेच काम भागवावे. दुवा कोणी, केव्हा आणि कोणत्या गुणांवर घातला याची नोंद राहावी, आणि ‘या दोन व्यक्ती भिन्न आहेत’ असा निर्णय झाला की तोही साठवला जावा, नाहीतर दर रात्री संगणक तीच जोडी पुन्हा समोर आणतो आणि एखाद्या दिवशी थकलेला कर्मचारी तिला होकार देऊन टाकतो. चुकीचा दुवा तोडल्यावर मधल्या काळात ज्या ज्या डॉक्टरांनी ती जोडलेली नोंद वाचली, त्या सर्वांना दुरुस्तीची सूचना गेली पाहिजे; आणि नोंद कोणी वाचली याची यादीच ज्या सॉफ्टवेअरमध्ये राहत नाही, ते इतर बाबतींत कितीही सोयीचे असले तरी या कामासाठी घेऊ नये.